उपग्रह प्रतिमांवर सर्व्हरशिवाय, थेट ब्राउझरमध्ये प्रक्रिया करता येते का? त्यासाठी कोणती मुक्त-स्रोत साधनं वापरावीत?

हो, करता येते, आणि आता ती नीट करता येते. पण तुम्ही लिहिलं आहे की नकाशाच्या टाइल्स, म्हणजे नकाशा ज्या चौकोनी तुकड्यांचा बनतो ते, ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या पाटीवर, म्हणजे कॅनव्हासवर, काढून त्यांच्या रंगांवरून शेतांची हिरवाई मोजायचा विचार आहे. तिथे आधी थांबा. आपल्या हातात चित्र आहे की मोजमाप, हे ठरल्याशिवाय साधन निवडण्यात अर्थ नाही.

नकाशामागे दिसणारी उपग्रहाची टाइल म्हणजे साधारणपणे २५६ बाय २५६ पिक्सेलचं चित्र. ते डोळ्यांना बरं दिसावं म्हणून त्याचा कॉन्ट्रास्ट ताणलेला असतो, वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जुळवून घेतलेले असतात आणि बहुतेक वेळा वर जेपीईजीचं कॉम्प्रेशन असतं. शिवाय वनस्पतींचा जोम ज्या निअर इन्फ्रारेड बँडमध्ये (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यात) सर्वांत स्पष्ट उमटतो, तो बँड त्यात नसतोच. अशा चित्रावर कितीही चांगला कोड चालवला तरी येणारा आकडा खऱ्या अर्थाने कशाचाच नसतो.

त्याऐवजी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचा लेव्हल-२ए, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून टाकलेला, डेटा घ्या. तो मोफत आहे. लाल म्हणजे चौथा बँड आणि निअर इन्फ्रारेड म्हणजे आठवा, दोन्ही १० मीटरचे. हा डेटा क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ, म्हणजे सीओजी, या रूपात मिळतो (जिओटिफ म्हणजे जागेची माहिती सोबत असलेली प्रतिमा-फाइल), आणि ब्राउझरमधलं सगळं काम या एका गोष्टीमुळे शक्य होतं. सेंटिनेलच्या एका तुकड्यात १०९८० बाय १०९८० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला २ बाइट धरले तर कॉम्प्रेशन सोडवल्यावर एकच बँड सुमारे २४१ एमबी होतो. तो पूर्ण उतरवून घेणं ब्राउझरला जड जातं. सीओजीमध्ये फाइल आतून चौकोनांत विभागलेली असते, सोबत लहान केलेल्या आवृत्त्या असतात आणि कोणता चौकोन कुठे आहे याची सूची सुरुवातीलाच असते. ब्राउझर आधी ती सूची वाचतो आणि मग एचटीटीपी रेंज रिक्वेस्टने हवे तेवढेच बाइट मागतो.

हे वाचण्याचं काम जिओटिफ.जेएस ही लायब्ररी करते. दाखवण्यासाठी मी ओपनलेयर्स ही नकाशांची लायब्ररी सुचवेन, कारण तिचा जिओटिफ सोर्स आतून जिओटिफ.जेएसच वापरतो आणि तिच्या वेबजीएल (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय) टाइल लेयरमध्ये बँडांचं गणित थेट स्टाइलमध्ये लिहिता येतं. निअर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज, हा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक, ग्राफिक्स कार्डावर निघतो. स्लायडर सरकवला की डेटा पुन्हा न मागवता नकाशा बदलतो. लीफलेट या दुसऱ्या नकाशा-लायब्ररीलाही जिओटिफसाठी प्लगइन आहेत, साध्या दाखवण्याला ते पुरतात.

आता खरी काळजी घ्यायची जागा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि पिक्सेलच्या आकड्यांत १००० मिळवले जाऊ लागले. परावर्तन, म्हणजे जमिनीवरून परतलेल्या प्रकाशाचं प्रमाण, काढताना ते १००० वजा करून मग १०००० ने भागायचं असतं. अनेकांना वाटतं, एनडीव्हीआय गुणोत्तर आहे, म्हणजे त्याने काय बिघडणार? अंशात ते १००० खरोखर कटतात, छेदात मात्र दोनदा उरतात. फाइलमध्ये निअर इन्फ्रारेड ४००० आणि लाल १५०० असेल, तर तसंच गणित केल्यावर ०.४५ येतं. वजाबाकी करून केलं तर ३००० आणि ५००, म्हणजे ०.७१. जोमदार पीक मध्यम दिसायला लागलं, आणि पडद्यावर कुठेही एरर आलेला नाही! काही वितरक ही वजाबाकी आधीच करून देतात, म्हणून प्रत्येक दृश्याचा मेटाडेटा वाचूनच ठरवा. ओपनलेयर्समध्ये नॉर्मलाइझ हा पर्याय आपोआप चालू असतो आणि तो मूल्यं ० ते १ मध्ये बसवतो. दोन बँडना वेगळी पट्टी लागली तर गुणोत्तर गेलंच. मी तो बंद ठेवून मूळ आकड्यांवर काम करते आणि एखाद्या पिक्सेलची किंमत क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडून ताडून बघते. हे ताडणं कृपा करून वगळू नका.

ढग काढायला लेव्हल-२ए सोबत एससीएल नावाचा वर्गीकरणाचा थर येतो. त्यात ४ म्हणजे वनस्पती, ६ म्हणजे पाणी, ८ म्हणजे मध्यम शक्यतेचा ढग. ब्राउझर प्रतिमा मऊ करण्यासाठी शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतो. ४ आणि ८ ची सरासरी ६, म्हणजे झाडं आणि ढगाच्या सीमेवर तळं तयार! या थरासाठी अशी सरासरी, म्हणजे इंटरपोलेशन, बंदच हवी.

टाइलच्या चित्रात खरं मोजमाप असल्याचं एक चांगलं उदाहरण आहे, ते म्हणजे टेरेरियम पद्धतीच्या उंचीच्या पीएनजी टाइल्स. लाल गुणिले २५६, अधिक हिरवा, अधिक निळा भागिले २५६, त्यातून ३२७६८ वजा केले की मीटरमध्ये उंची मिळते. तुम्हाला कॅनव्हासवरच पिक्सेल हाताळायचे असतील तर इथून सुरुवात करा. ओपनलेयर्सचा रास्टर सोर्स तुमचं फंक्शन वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळं, पार्श्वभूमीत चालवतो, त्यामुळे नकाशा अडकत नाही. मात्र ते फंक्शन बाहेरचं काही वापरू शकत नाही, लागणारी मदतनीस फंक्शन्स लिब या पर्यायातून द्यावी लागतात. सरासरीचा धोका इथे आणखी मोठा आहे. २५५ आणि २५६ मीटरचे दोन शेजारी पिक्सेल रंगांच्या पातळीवर मिसळले, तर सरासरी पूर्णांकात खाली बसवली की वर, त्यानुसार उत्तर १२७ किंवा ३८४ मीटर येऊ शकतं. सपाट माळावर अचानक खड्डे आणि सुळके दिसले तर हेच कारण असतं.

शेताची सरासरी किंवा क्षेत्रफळ हवं असेल तर पडद्यावरच्या पिक्सेलवरून काढू नका. झूम कमी असताना तुम्ही लहान केलेली आवृत्ती बघत असता, त्यामुळे झूमबरोबर उत्तर बदलतं. वेब मर्केटरमध्ये, म्हणजे वेब-नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात, तर ६० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ चौपट दिसतं. शेताची चौकट प्रोज४जेएस या लायब्ररीने फाइलच्या यूटीएम या, मीटरमध्ये मोजणाऱ्या, प्रक्षेपणात बदला, जिओटिफ.जेएसने तेवढीच खिडकी मूळ रिझोल्यूशनला वाचा आणि मग मोजा. तिथे एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, साधा हिशेब.

सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची फाइल वाचायच्या परवानगीची, अडचण बहुधा पहिल्याच दिवशी येईल. ज्या सर्व्हरवर फाइल आहे त्याने परवानगीचा हेडर दिला नसेल, तर कॅनव्हासवरचं चित्र दिसेल पण पिक्सेल वाचताना सुरक्षेचा एरर येईल, आणि जिओटिफ तर मुळात उतरणारच नाही. तुमच्या कोडमधून याला उपाय नाही. फाइल अशा जागी ठेवा जिथे हेडर तुमच्या हातात असतील. आपल्या साध्या जिओटिफची सीओजी करायला जीडाल या प्रतिमा-फाइली हाताळणाऱ्या साधनात ३.१ आवृत्तीपासून वेगळा ड्रायव्हर आहे, एका कमांडचं काम.

जीडालही वेबअसेम्ब्लीमधून (इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवायची सोय) ब्राउझरमध्ये चालतं, जीडाल३.जेएस त्यासाठीच आहे. वापरकर्त्याने स्वतःची फाइल टाकली आणि तिचं प्रक्षेपण बदलायचं असेल तर ते उपयोगी पडतं. पण पानावर बराच मोठा भार येतो, म्हणून गरज पडली तेव्हाच लोड करा. वर्षानुवर्षांची कालमालिका किंवा शेकडो दृश्यं जोडून केलेलं मोझाइक हवं असेल, तर ते गणित आधी सर्व्हरवर करून निकालाची सीओजी ब्राउझरला द्या.