एफआयआय विकतायत म्हणून तू पण विकणार का?

अरे, राजवाड्यावर पोह्यांच्या ठेल्यापाशी उभा राहून तू परवा विचारत होतास ना, की एफआयआय, म्हणजे मोठ्या परदेशी गुंतवणूक संस्था, शेअर्स विकतायत तर आपण एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दर महिन्याचा हप्ता, बंद करायची का, तर आधी ते का विकतात ते बघ. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी आपल्या शेअर्समधून ९० हजार कोटींच्या वर काढले, आणि त्याच महिन्यात साध्या लोकांची एसआयपी पहिल्यांदाच २५ हजार कोटींच्या पुढे गेली. म्हणजे एकाच बाजाराकडे बघून दोघांनी उलटं केलं, आणि दोघांकडे आपापली कारणं होती. परदेशी संस्थांना डॉलरमध्ये हिशोब द्यायचा असतो, अमेरिकेत बाँडवर व्याज चांगलं मिळालं किंवा चीन स्वस्त वाटला की पैसा तिकडे वळतो, शिवाय फंड मॅनेजरला दर तिमाहीला इंडेक्सशी, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाशी, तुलना करून उत्तर द्यावं लागतं. तुला कोण विचारतंय रे तिमाहीचं? तुझा पैसा मुलीच्या कॉलेजचा, अजून बारा वर्षं आहेत, तर त्यांचा अंदाज तू कशाला उचलतोस! एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांमध्ये, मात्र अजिबात पडू नकोस, तिथे समोर हेच प्रोफेशनल बसलेत, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत ९३ टक्के साधे ट्रेडर तोट्यात गेले. सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत ठेव आणि एसआयपी चालू दे.