दहावी करा, पण पुढचा ट्रेड आधी ठरवा

प्रश्न : माझ्या भावाने नववीत शाळा सोडली. आता तो १९ वर्षांचा आहे, इथे गोव्यात होंडा गावी एका गॅरेजात कामाला जातो. त्याने ओपन स्कूलमधून दहावी करावी असं मला वाटतं. पण अमेरिकेतले आमचे मामा म्हणतात, तिकडे जीईडी (शाळा सोडलेल्यांसाठीची, शालान्त प्रमाणपत्राच्या तोडीची परीक्षा) करूनही पोरं आहेत तिथेच राहतात. खरं आहे का?
– एक बहीण, सत्तरी

उत्तर : ताई, मामांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. जीईडी १९४२ साली सुरू झाली, ती युद्धामुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्या सैनिकांसाठी. कॅमेरॉन आणि हेकमन या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं, की ती पास झालेल्यांची मिळकत शाळा सोडलेल्यांच्याच जवळपास राहते. फरक पडतो तो पुढे शिकणाऱ्यांना. आणि पुढे प्रवेश घेऊन शेवटपर्यंत टिकणारे तिकडे थोडेच.

म्हणून भावाला आधी विचारा, दहावीनंतर काय? माझ्याकडे सल्ल्याला आलेली एक मुलगी ओपनमधून चांगल्या मार्कांनी पास झाली होती. सोपे म्हणून विषय घेतले, विज्ञान सोडलं. मग आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला, म्हणजे अभ्यासक्रमाला, अर्ज करायला गेली नि विज्ञान नाही म्हणून हात हलवत परतली. मला आजही तिची हळहळ वाटते, कारण हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या भावाला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड हवा असेल, तर दहावीला गणित आणि विज्ञान लागतंच. तेव्हा एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय ओपन स्कूलचा, फॉर्म भरताना पाच विषयांत हे दोन घ्या; मराठीही घेता येते. दहावी आणि त्यावर दोन वर्षांची आयटीआय झाली, की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग आहे. वेल्डरला मात्र आठवी चालते, त्यामुळे कमाईची घाई असेल तर तो रस्ता आजही मोकळा आहे. आयटीआय होंड्यालाही आहे. तिथे कोणते ट्रेड चालतात ते जाऊन विचारा.

ओपन स्कूलच्या परीक्षेला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दिवसभर राबणाऱ्या पोराने पाचही विषय एकदम अंगावर घेऊ नयेत. गणिताला शिकवणी लावा, आणि परीक्षेच्या दिवसांत सुट्टी देण्याबद्दल गॅरेजवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा.