तापमानामुळे सममिती मोडते का?

प्रश्न : मी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. तापमान निरपेक्ष शून्याहून अधिक असेल तर क्वांटम विद्युतगतिकीतील (प्रकाश व विद्युतभारित कण यांच्या सिद्धांतातील) लॉरेन्झ सममिती, म्हणजे एकसमान गतीच्या सर्व निरीक्षकांना नियम सारखेच दिसणे, मोडते आणि इलेक्ट्रॉनचे जडत्वीय (ढकलल्यास विरोध करणारे) व गुरुत्वीय (गुरुत्वाकर्षण ज्यावर चालते ते) वस्तुमान वेगवेगळे होते, असे वाचनात आले. मग आमच्याकडे पारा ४६ अंशांवर जातो तेव्हा ही दोन्ही वस्तुमाने समान मानणारे आइन्स्टाइनचे समतुल्यता तत्त्व खोटे ठरते काय? – एक विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : नाही. विद्युतगतिकीची समीकरणे कोणत्याही तापमानाला तीच राहतात. ती ज्या अवस्थेला लावायची, ती अवस्था मात्र बदलते. निर्वात पोकळी एकसमान गतीने जाणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाला सारखीच दिसते, परंतु ठरावीक तापमानाचे प्रारण एका विशिष्ट चौकटीतच स्थिर असते. वैशाखात वारा अगदी पडलेला असला, तरी यावलच्या रस्त्याने मोटारसायकलवर निघालेल्याच्या तोंडावर झळा लागतातच. म्हणून गतीचे नियम बदलले असे कोणी म्हणत नाही. आकाशात हे प्रत्यक्ष मोजलेले आहे. विश्वभर पसरलेल्या २.७२५ केल्विनच्या सूक्ष्मलहरी प्रारणाचे तापमान सूर्यमालेच्या गतीच्या दिशेला सुमारे ३.३६ मिलिकेल्विनने अधिक भरते आणि त्यावरून सूर्यमालेचा वेग सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर निघतो.

आपण वाचलेला निष्कर्ष बहुधा डोनोह्यू, होल्स्टाइन व रॉबिनेट यांनी १९८० च्या दशकात केलेल्या गणिताचा असावा. इलेक्ट्रॉन भोवतालचे फोटॉन (प्रकाशकण) शोषत व पुन्हा सोडत राहतो, त्यामुळे त्याचे जडत्वीय वस्तुमान किंचित वाढते आणि गुरुत्वीय वस्तुमान तितकेच घटते. फरक किती, हे भुसावळच्याच आकड्यांवर पाहू. ४६ अंश सेल्सिअसला औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०२७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ५,११,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट. या गुणोत्तराचा वर्ग करून त्याला सूक्ष्मरचना स्थिरांकाने (विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता सांगणारा आकडा, सुमारे १/१३७) आणि दोन-तृतीयांश π ने गुणले की सुमारे ४ × १०⁻¹⁷ उरतात. हेच तत्त्व तपासणाऱ्या मायक्रोस्कोप उपग्रहाच्या २०२२ च्या अंतिम निकालांची अचूकता १०⁻¹⁵ च्या घरातली होती. त्यातून त्यातील टायटॅनियम व प्लॅटिनमच्या वस्तुमानात इलेक्ट्रॉनांचा वाटा साधारण चार हजारावा. तेव्हा हा फरक तराजूत पकडण्याची आशा आज तरी नाही. माझ्या मते याला तत्त्वभंग म्हणणेच अतिशयोक्तीचे आहे, कारण येथे इलेक्ट्रॉन एकटा पडत नसून प्रारणाशी देवघेव करत पडतो.

याहून मोठा घोटाळा गेज सममितीबाबत (विद्युतचुंबकीय विभव ठरावीक प्रकारे बदलले तरी भौतिक परिणाम तेच राहतात, या गुणधर्माबाबत) होतो, आणि परीक्षेतही तो हमखास दिसतो. तापमान सुमारे ६ अब्ज केल्विनच्या पुढे गेले की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या मुबलक होतात, स्थिर विद्युतक्षेत्र थोड्याच अंतरावर झाकोळते आणि फोटॉनला जणू वस्तुमान येते. त्यावरून गेज सममिती गेली, असे विद्यार्थी लिहून मोकळे होतात. ती शाबूत असते. स्थिर चुंबकीय क्षेत्र त्या प्लाझ्मातही (विद्युतभारित कणांच्या त्या वायूतही) झाकोळत नाही, आणि फोटॉनच्या स्व-ऊर्जेत (भोवतालच्या कणांमुळे त्याच्या वहनात होणाऱ्या दुरुस्तीत) एकाऐवजी अनुदैर्ध्य व अनुप्रस्थ अशी दोन स्वतंत्र फलने आली, तरी तिला चतुर्संवेगाने (ऊर्जा व संवेग मिळून होणाऱ्या सदिशाने) गुणल्यावर शून्यच येते. हा गुणाकार पाठ न करता एकदा कागदावर करून पाहावा.