मैत्रिणींबरोबर केनिया: जा, पण ऑगस्टमध्ये नको आणि पीपीएफमधून नको

प्रश्न: वय ५३, निमसरकारी नोकरी, पेन्शन नाही. हातात पगार ७८,००० रुपये, घरखर्च ५५,०००. १७,५०० रुपयांचा गृहकर्जाचा हप्ता एप्रिलमध्ये संपला. पीपीएफमध्ये ११ लाख आहेत, खात्याची मुदत वाढवून घेतली आहे. एफडी ६ लाखांची, आणि ऑक्टोबरमध्ये मनीबॅक पॉलिसीचे ६०,००० येतील. कॉलेजच्या आम्ही पाच मैत्रिणी ऑगस्टमध्ये केनियाला जायचं म्हणतोय: अंबोसेली, नैवाशा, मसाई मारा आणि शेवटी डियानीचा समुद्रकिनारा, नऊ रात्री. माणशी ४,२०,००० रुपये. पैसे पीपीएफमधून काढू, की पतसंस्थेतून साडेबारा टक्क्यांनी ३ लाखांचं कर्ज घेऊ? एक मैत्रीण म्हणते, सगळ्यांचे पैसे आत्ता मी भरते, तुम्ही सवडीने द्या. यजमानांचं म्हणणं, या वयात एवढा खर्च कशाला?

उत्तर:

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. हा खर्च करायचा तर याच वयात. मारामध्ये दिवसाचे सहा-आठ तास गाडीत बसून हादरे खावे लागतात. पाठ आणि गुडघे आज साथ देताहेत, निवृत्तीनंतर देतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आयुष्यभर हप्ते फेडलेल्या बाईने मैत्रिणींबरोबर एकदा हत्ती-सिंह बघायला जावं, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझा आक्षेप आहे तो पैसा कुठून काढायचा आणि कधी जायचं, या दोन गोष्टींना.

पीपीएफला हात लावू नका. पैसे भरत राहून घेतलेल्या मुदतवाढीत, ती सुरू झाली त्या वेळच्या शिल्लकेच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, म्हणून ते सोपं वाटतं. पण एकदा काढलेले पैसे त्याच वेगाने परत भरता येत नाहीत, वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. पेन्शन नसलेल्या माणसाची म्हातारपणाची भाकरी तिथेच आहे. हेच ४,२०,००० रुपये ७.१ टक्क्यांनी पाच वर्षं राहिले, तर तुमच्या निवृत्तीला ते सुमारे ५,९२,००० होतात, तेही करमुक्त. पतसंस्थेचं कर्ज तर नकोच. तीन वर्षांसाठी घेतलंत तर महिना १०,०३६ रुपये हप्ता बसेल आणि एकूण व्याज जाईल ६१,००० च्या वर. फिरून आल्यावर तीन वर्षं त्या सहलीचे हप्ते भरत बसायचं, हे मला पटत नाही.

आता ऑगस्टबद्दल. जुलै ते ऑक्टोबर मारामध्ये विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांचे कळप असतात आणि त्यांचं मारा नदी ओलांडतानाचं दृश्य बघायला जगभरातून लोक येतात. म्हणूनच तेव्हा सगळं महाग असतं. मारा अभयारण्याचं प्रवेशशुल्कच बघा. परदेशी प्रौढ पर्यटकाला १ जुलै ते ३१ डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि १ जानेवारी ते ३० जून १०० डॉलर. तुमचे तिथे तीन दिवस आहेत. हिशेबापुरता डॉलर ९० रुपये धरला, तर एकट्या शुल्कात माणशी २७,००० रुपयांचा फरक पडतो. राहण्याचे दरही तेव्हा चढलेले असतात.

एवढं करून नदी ओलांडणं दिसेलच असं नाही. कळप काठाशी येतात, तासन्‌तास थांबतात आणि कधी कधी माघारी वळतात. म्हणून ऑगस्टऐवजी फेब्रुवारीत जा. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हे कळप खाली टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीकडे असतात, त्यामुळे मारामध्ये ते दिसणार नाहीत, हे खरं. पण सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ तिथलेच आहेत, ते कुठे जात नाहीत. हवा कोरडी असते आणि अंबोसेलीत सकाळी किलिमांजारो पर्वत स्वच्छ दिसण्याची शक्यता चांगली असते. डियानीचा समुद्रही त्या दिवसांत शांत असतो. ऑगस्टमध्ये तिथे दक्षिणेकडून वारे वाहतात, पाणी खवळतं, किनाऱ्यावर शेवाळ येतं. तुमच्या सहलीचा तिसरा हिस्सा समुद्रावर आहे, म्हणून हे महत्त्वाचं. नदी ओलांडणं बघणं हेच तुम्हा पाचजणींचं स्वप्न असेल, तर मात्र पुढच्या वर्षीचा ऑगस्ट धरा आणि तेवढे पैसे जमवा.

सहल कंपनीकडून फेब्रुवारीचा दर नव्याने मागवा. तुम्ही सोबत पाठवलेल्या त्यांच्या दरपत्रकात तळाला लिहिलंय की जीएसटी, ईटीए (केनियाची ऑनलाइन प्रवेशपरवानगी), विमा, लस, टिप वेगळी. म्हणजे ४,२०,००० हा आकडा पूर्ण नाही. ५ टक्के जीएसटीच २१,००० होतो, बाकीचं धरून ऑगस्टची सहल पावणेपाच लाखांच्या पुढे जाते. शुल्क आणि राहण्याचे दर उतरल्यावर फेब्रुवारीत सगळं मिळून ४,२०,००० मध्ये बसावं, असा माझा अंदाज आहे. बलून सफारी यात नाही. तिचे माणशी ४५० डॉलर किंवा त्याहून जास्त पडतात. जिला हवी तिने घ्यावी, पाचजणींनी घेतलीच पाहिजे असं नाही.

पैशांची जुळणी अशी करा. संपलेला गृहकर्जाचा हप्ता, १७,५०० रुपये, जूनपासून डिसेंबरपर्यंत आवर्ती ठेवीत टाका: १,२२,५००. त्यात मनीबॅकचे ६०,०००. उरलेले २,३७,५०० एफडीतून घ्या. तरीही एफडीत ३,६२,५०० राहतात, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च सुरक्षित. परत आल्यावर तेच १७,५०० चालू ठेवलेत की चौदा महिन्यांत एफडी पूर्ववत. त्यानंतर ती रक्कम निवृत्तीसाठी लावा. हा कागद यजमानांना दाखवा, आकडे समोर आले की बोलणं सोपं होतं.

सगळ्यांचे पैसे एकीने भरण्याची कल्पना मैत्रीपोटी आली आहे, पण ती टाळाच. परदेश सहलीचं पॅकेज घेतलं की कंपनी टीसीएस, म्हणजे बिलाबरोबर आगाऊ घेतला जाणारा आयकर, गोळा करते आणि तो ज्या पॅनवर बिल फाटतं, त्याच्याच नावावर जमा होतो. पाचजणींचा टीसीएस एकीच्या पॅनवर गेला, तर तुमच्या वाट्याचा तुम्हाला रिटर्नमध्ये मागता येणार नाही. प्रत्येकीने आपल्या खात्यातून, आपल्या नावाच्या बिलावर पैसे भरा. टीसीएस हा खर्च नाही. तुम्ही नोकरीत आहात, तर कार्यालयाला कळवून पगाराच्या टीडीएसमध्ये तो वळता करून घेता येतो.

याहून नाजूक एक गोष्ट आहे. पाच हा आकडा विषम. दोघी-दोघींच्या खोल्या झाल्या की पाचवी एकटी, आणि एकटीच्या खोलीचा जादा आकार बराच असतो. तो पाचजणींत वाटा किंवा तिघींची खोली मिळते का ते विचारा. शिवाय ऐनवेळी एखादी गळाली, तर गाडी आणि चालकाचा खर्च चौघींवर येतो. हे आगाऊ रक्कम भरण्याआधी बोलून व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की तुमच्यातल्या एका मैत्रिणीचे यजमान गेल्यापासून ती दर ठरवताना गप्पच असते. तिच्याशी तुम्ही एकटीने, फोनवर बोला. सहलीचा दर्जा तिला झेपेल तेवढाच ठेवा, आलिशान तंबू नसले तरी चालतील.

प्रवास विमा आगाऊ रक्कम भराल त्याच आठवड्यात घ्या, म्हणजे सहल रद्द करावी लागली तर संरक्षण मिळेल. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते अर्जात लिहा, लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो. मारातून रुग्णाला विमानाने नैरोबीला हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, तेही तपासा.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल, तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केंद्रांवर तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून पाचही जणींनी डिसेंबरातच एक दिवस ठरवून एकत्र जाऊन घ्या, आणि त्याआधी आपापल्या डॉक्टरांना विचारा.