अर्धवट घर आणि महापालिकेची नोटीस : वाचकांचे प्रश्न

अपुरी राहिलेली घरे आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे टांगलेल्या महापालिकेच्या नोटिसा या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. नोटीस आली आहे हे प्रत्येकाने लिहिले आहे, पण ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आली हे बहुतेकांनी लिहिलेले नाही. मुंबईत एकाच बांधकामाला दोन कायदे लागू होतात, मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्यामुळे कलमाचा आकडा समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट सांगता येत नाही. तरीही निवडक पत्रांना शक्य तितकी नेमकी उत्तरे देत आहे.

प्रश्न : बोरिवलीच्या एका गावठाणात आमच्या घराला लागून बंगल्याचा दोन मजली सांगाडा आठ वर्षांपासून तसाच उभा आहे. सळया गंजल्या आहेत आणि टाकीसाठी खणलेल्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी साचते. विभाग कार्यालयात गेलो की "नोटीस दिली आहे, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" एवढेच सांगतात. आम्ही काय करावे?

उत्तर : हे उत्तर सहसा खोटे नसते, पण अपुरे असते आणि त्या अपुरेपणातच अशी प्रकरणे मुरतात. चालू काम थांबवायचे असेल तर १८८८ च्या अधिनियमातील कलम ३५४अ वापरले जाते. परवानगीशिवाय किंवा परवानगीविरुद्ध झालेल्या कामासाठी कलम ३५१ खाली कारणे दाखवा नोटीस निघते, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली बांधकाम काढून टाकण्याची नोटीस देता येते. कलम ३५१ च्या नोटिशीला मालकाने उत्तर दिले की पदनिर्देशित अधिकाऱ्याने ते वाचून सकारण आदेश काढायचा असतो. अनेक नस्त्यांत (फायलींत) नोटीस असते, मालकाचे उत्तरही असते, पण हा आदेश नसतो. तो नसेल तर पाडण्याची कारवाई न्यायालयात टिकणे कठीण असते, आणि न्यायालयात टिकणार नाही म्हणून कोणी कारवाई करत नाही.

म्हणून प्रथम माहिती अधिकाराखाली संपूर्ण नस्तीची पाहणी मागा. पाहणी करणे हाही त्या कायद्याने दिलेला अधिकार आहे आणि सुट्या प्रती मागण्यापेक्षा तो अधिक उपयोगी ठरतो, कारण कोणता कागद नाही हे पाहणीतच समजते. त्यानंतर न्यायालयाच्या आदेशाची प्रत मिळवा. उपनगरातील असे दावे साधारणपणे नगर दिवाणी न्यायालयाच्या दिंडोशी येथील शाखेत चालतात. या दोन्ही अधिनियमांत दिवाणी दाव्याला अटकाव करणारी कलमे आहेत (१८८८ च्या अधिनियमात ५१५अ, १९६६ च्या अधिनियमात १४९), तरीही नोटीसच बेकायदा असल्याचे म्हणत दावे दाखल होतात आणि अंतरिम आदेश मिळतात. तो आदेश "जैसे थे" ठेवण्याचा आहे, की पुढील तारखेपर्यंत कारवाई करणार नाही असे पालिकेच्या वकिलांनी केवळ सांगितले होते, हे वाचून पाहिले पाहिजे. स्थगिती केव्हाच उठली आहे आणि विभाग कार्यालयाला त्याची गंधवार्ता नाही, असा तिसरा प्रकारही अपवादात्मक म्हणावा इतका दुर्मीळ नाही.

सहा महिने झाले की स्थगिती आपोआप संपते, असा समज अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे तो पसरला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या निकालातील हा भाग रद्द केला. त्यामुळे स्थगिती उठवण्यासाठी कोणीतरी अर्ज करावाच लागतो. पालिका तो करत नसेल तर बाधित शेजारी म्हणून आपल्याला दाव्यात पक्षकार करून घ्यावे, असा अर्ज आपण करू शकता. न्यायालय तो मान्य करीलच असे नाही, परंतु अशा अर्जामुळे वर्षानुवर्षे न हललेली तारीख पुष्कळदा हलते.

याहून महत्त्वाचे म्हणजे धोका आणि आरोग्य हे विषय अनधिकृतपणाच्या वादापासून वेगळे काढा. साचलेल्या पाण्यातील डासांची तक्रार विभागाच्या कीटकनाशक खात्याकडे स्वतंत्र पत्राने करावी. सांगाड्याचा भाग कोसळण्याच्या बेतात असेल तर कलम ३५४ खाली धोकादायक बांधकामाची कारवाई होऊ शकते, आणि तिचा बांधकाम अधिकृत असण्या-नसण्याशी संबंध नाही. एकाच पत्रात सर्व गाऱ्हाणी घातली की ते पत्र इमारत व कारखाने विभागाकडे जाते आणि तेथून "न्यायप्रविष्ट" हाच शेरा घेऊन परत येते. शेजारची जागा म्हाडाच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत येत असेल, तर नियोजन प्राधिकरणच वेगळे असते, हेही आधी तपासून घ्यावे.

प्रश्न : वडिलांनी मुलुंडला बंगला बांधायला घेतला होता. जोते झाले, भिंती अर्ध्या झाल्या आणि त्यांचे निधन झाले. आता कलम ५३ ची नोटीस त्यांच्याच नावाने आली आहे. घर पूर्ण करून टाकले तर प्रश्न सुटेल का?

उत्तर : सुटणार नाही, उलट अधिक बिघडेल. नोटीस हाती असताना रातोरात टाकलेला स्लॅब हा नंतरच्या प्रत्येक सुनावणीत आपल्याविरुद्धचा पुरावा ठरतो. मृत व्यक्तीच्या नावाची नोटीस सदोष असते हे खरे आहे, परंतु त्या दोषावर काही आठवडे मिळतात, घर मिळत नाही. वारस म्हणून आपली नावे मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) लावून घ्यावीत आणि नोटिशीला स्वतःच्या नावाने उत्तर द्यावे.

आता मूळ मुद्दा. १९६६ च्या अधिनियमातील कलम ४८ प्रमाणे बांधकामाची परवानगी एक वर्ष टिकते. ती वर्षावर्षाने वाढवून घेता येते, पण ही वाढ तीन वर्षांच्या पलीकडे जात नाही, आणि तेवढ्या काळात काम जोत्यापर्यंत पूर्ण झाले नसेल तर नव्याने परवानगी घ्यावी लागते. आपल्या प्रकरणात जोते कधी पूर्ण झाले आणि तशी नोंद पालिकेच्या परवानग्या देणाऱ्या इमारत प्रस्ताव विभागाकडे आहे का, यावर बरेच काही अवलंबून आहे. वडिलांच्या वास्तुविशारदाने जोते तपासणीचा अहवाल दिला असेल तर तो शोधून काढावा. तो कागद आज आपल्याकडच्या कोणत्याही पावतीपेक्षा मोलाचा आहे.

नोटिशीत दिलेल्या मुदतीत, बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मिळावी असा अर्ज कलम ५३(३) खाली करता येतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत केवळ नोटिशीच्या आधारे बांधकाम पाडता येत नाही. मात्र हा अर्ज वेळ काढण्यासाठी करू नये. प्रत्यक्ष मोजणी करून तयार केलेले नकाशे, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडलेली मोकळी जागा), वापरलेले चटईक्षेत्र आणि संरचना अभियंत्याचा अहवाल सोबत जोडावा. १ सप्टेंबर २०१८ पासून विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. वडिलांच्या काळी नियमात न बसणारा एखादा भाग आज बसत असेल तर तसे स्पष्ट मांडावे, आणि जो भाग कोणत्याच नियमात बसत नाही तो स्वतःहून काढण्याची तयारी लेखी कळवावी.

एकदा फेटाळलेला अर्ज पुन्हा करत राहण्याला मर्यादा आहेत. जुहूच्या "अधीश" बंगल्याच्या प्रकरणात पहिला अर्ज नामंजूर होऊन उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवल्यावर दुसरा अर्ज झाला, आणि पालिकेने त्यावर विचार करण्याची तयारीही दाखवली. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेला तसे करू दिले नाही, अनधिकृत भाग पाडण्याचा आदेश दिला आणि अर्जदारावर दहा लाख रुपयांचा दंडात्मक खर्च लादला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. काय पाडायचे हे मालक ठरवू शकत नाही, हा धडा तर त्याहून जुना आहे. "प्रतिभा" या ३६ मजली इमारतीच्या सोसायटीने वरचे आठ मजले पाडण्याऐवजी इमारतीचा उभा भाग कापण्याचा पर्याय पुढे केला होता, पण १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला नाही.

प्रश्न : आमच्या वाढीव खोल्यांवर पालिका दुप्पट कर घेते, विजेचा मीटरही दिला आहे. मग बांधकाम अनधिकृत कसे?

उत्तर : १८८८ च्या अधिनियमातील कलम १५२अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती (दंड) घेता येते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. म्हणजे ही पावती बांधकाम अनधिकृत असल्याचीच नोंद आहे. जुन्या काळापासूनच्या बांधकामांना पालिका जे संरक्षण देते त्याच्या तारखा निवासी वापरासाठी १७ एप्रिल १९६४ आणि अनिवासी वापरासाठी १ एप्रिल १९६२ अशा आहेत. आपल्या खोल्या त्यानंतरच्या असतील तर या मार्गाने जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : कुर्ल्यात आम्ही घरावर मजला चढवत असताना कलम ३५४अ ची नोटीस आली आणि २४ तासांत परवानगी दाखवा असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १५ दिवसांची मुदत सांगितली आहे ना?

उत्तर : दोन गोष्टींची गल्लत होत आहे. काम थांबवण्याचा आदेश तत्काळ पाळायचा असतो, त्याला १५ दिवसांची सवलत नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितले ते पाडकामाबद्दल आहे. पाडण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस द्यावी, उत्तरासाठी स्थानिक कायद्यातील मुदत किंवा १५ दिवस यांपैकी जी अधिक असेल ती मिळावी, नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवून बांधकामावरही लावावी, व्यक्तिशः म्हणणे ऐकून घ्यावे आणि अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबावे, असे त्यात आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना, तसेच न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या पाडकामाला हे संरक्षण लागू नाही. आपल्याकडे परवानगी असेल तर २४ तासांत ती पोच घेऊन सादर करा. नसेल तर काम खरोखर थांबवा आणि थांबवल्याची तारीख दिसेल अशी छायाचित्रे ठेवा.

प्रश्न : मढच्या बाजूला अर्धवट बांधलेला एक बंगला बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळत आहे. विक्रेत्याकडे कार्यारंभ प्रमाणपत्र आहे. १९८५ पासून बांधकामावर कारवाई झाली नाही, म्हणजे आता होणार नाही, असे तो म्हणतो.

उत्तर : इतकी वर्षे कारवाई झाली नाही या गोष्टीला कायद्यात किंमत नाही. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. अधिकाऱ्यांची दिरंगाई, झालेला खर्च किंवा लोटलेला काळ यांच्या आड अनधिकृत बांधकामाला लपता येत नाही. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील रहिवासी १९८० च्या दशकातील इमारतींत राहत होते, आणि परवानगी असलेल्या मजल्यांच्या वर चढवलेल्या बांधकामाविरुद्धचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये.

कार्यारंभ प्रमाणपत्र कुठपर्यंतचे आहे ते वाचा. ते अनेकदा फक्त जोत्यापर्यंतचे असते आणि वरच्या कामासाठी ते पुढे वाढवून घ्यावे लागते. मढ-एरंगळ भागात नगर भूमापनाच्या बनावट नकाशांची प्रकरणे उघडकीस आलेली असल्याने विक्रेत्याने दिलेल्या प्रतीवर विसंबू नका, भूमापन कार्यालयातून स्वतः प्रमाणित प्रत काढा आणि जागा किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) येते का ते मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर पडताळून घ्या. एकट्या बंगल्याच्या अशा व्यवहारात महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) आधार सहसा मिळत नाही, कारण ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जागेच्या आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पांनाच तेथे नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे विसार देण्यापूर्वी आपल्या वास्तुविशारदाला इमारत प्रस्ताव विभाग आणि विभाग कार्यालय या दोन्ही ठिकाणच्या नस्त्या पाहू द्याव्यात अशी अट घाला. विक्रेता त्यासाठी संमतिपत्र देण्यास तयार नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.