आखाजीला गेलेली पोरं परत का येत नाहीत?

प्रश्न : जळगाव-भुसावळ रस्त्यावर माझं गार्डन हॉटेल आहे. वस्ताद (मुख्य आचारी) धरून १२ माणसं, राहणं-जेवण आमच्याकडेच. दरवर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार-पाच पोरं गावी जातात ती येतच नाहीत. यंदा पगार हजाराने वाढवला, तरी तेच. राहिलेले गिऱ्हाइकावर खेकसतात. काय चुकतंय?

उत्तर : सुट्टीचा हिशोब चुकतोय. रोज बाराही जण उभे हवेत म्हटलं, तर आठवड्याच्या ८४ हजेऱ्या होतात. प्रत्येकाला एक सुट्टी दिली तर भरतात ७२. म्हणून सुट्टी ‘बघू’वर जाते, आणि पोराला खात्रीची अशी आखाजीच उरते.

दोन माणसं वाढवा. ते परवडत नसेल तर शनि-रवि १२, शुक्रवारी ११, गुरुवारी १०, सोम ते बुध ९ असं बसवा, बेरीज ७२च. तक्ता दोन आठवडे आधी भिंतीवर लावा. लग्नाची ऑर्डर आली आणि सुट्टी मोडलीच, तर बदलीचा दिवस त्याच वेळी लिहून द्या. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर आहे; तो किती माणसांच्या हॉटेलाला लागू, ते तपासून घ्या. पोरगा हॉटेलातच झोपतो म्हणून तो चोवीस तास ड्युटीवर नसतो, हे मालक लोक सोयीने विसरतात.

तक्ता अडतो तो वस्तादापाशी, कारण शेवभाजीचा रस्सा त्याच्याच हातचा. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, काळा मसाला यांचं वाटण त्याच्याकडून आदल्या दिवशी तोलून करून घ्या आणि दहा प्लेटांचा एक डबा असं फ्रीजमध्ये ठेवा. तेल किती, पाणी किती, ते झाकणावर चिकटवा. मग वस्तादाच्या सुट्टीला हेल्परही रस्सा करतो. शेव वाढताना घालायची, एवढं त्याला कळतंच.

दुसरं दुखणं ब्रेक ड्युटीचं. १० ते ३ आणि ७ ते १२ म्हणजे काम दहा तास, पण माणूस अडकतो चौदा. मधले चार तास मे महिन्यात पत्र्याखाली झोप कसली लागते? सगळ्यांना सरळ ड्युटी दिली तर एका गर्दीला हात कमी पडतात, हेही खरं. म्हणून कापाकापी-वाटणवाल्यांना सरळ, सलग ड्युटी द्या, वेटरांना ब्रेक एकाआड एक दिवस. आणि विश्रांतीच्या खोलीत कूलर लावा.

प्रश्न : धुळ्यात लॉजिंग-बोर्डिंगला कॅप्टन (वेटरांवर देखरेख करणारा) आहे. सुट्टीनंतरही कामावर जावंसं वाटत नाही, झोपेत टेबल नंबर दिसतात. हा आजार का?

उत्तर : कामाचा थकवा, कामाबद्दल तिटकारा आणि ‘आपल्याकडून होत नाही’ ही भावना, या तिन्हींना मिळून बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था मानते. पण दोन आठवडे झोपच नसेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट, मराठीतही बोलता येतं. मालकाकडे एकच मागा : रात्री क्लोजिंग करणाऱ्याला दुसऱ्या सकाळी ओपनिंग नको. आणि झोप हवी तर संध्याकाळनंतरचे हॉटेलचे फुकटचे चहा मोजा.