वाचकांचे प्रश्न: डोक्यावरचं गोंदण

मागच्या अंकात स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशनबद्दल, म्हणजे टक्कल पडलेल्या जागी रंगाचे ठिपके देतात त्याबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आले की आजचं अख्खं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, मी ३१ वर्षांचा, राहायला नाशिकला सिडकोत, अंबडला कंपनीत शिफ्ट ड्यूटी. पुढचे आणि टाळूवरचे केस पार गेलेत, बाजूला आणि मागे आहेत. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे. रील्समध्ये दाखवतात की मशीनने ठिपके मारून एका दिवसात टक्कल गायब. खरंच होतं का? किती टिकतं? आणि मुलीकडच्यांना सांगायचं का?

भाऊ, आधी अभिनंदन! आणि लगेच एक गोष्ट सांगते, यात केस उगवत नाहीत, एकही नाही. बारीक सुईने कातडीच्या वरच्या थरात, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर, रंग सोडतात आणि तो ठिपका लांबून नुकत्याच झिरो मशीन मारलेल्या केसाच्या खुंटासारखा दिसतो. म्हणजे हे गोंदणच, फक्त सुई साध्या टॅटूपेक्षा वरवर चालते. आजीच्या हातावरचं गोंदण आठवा, काळं गोंदलेलं असतं पण म्हातारपणी हिरवट निळं दिसतं, रेघाही पसरतात. डोक्यावर सुई खोल गेली की तेच होतं, म्हणून हात कोणाचा आहे हे मशीनपेक्षा महत्त्वाचं.

एका दिवसात होत नाही. साधारण तीन सिटिंग, एकेक दोन ते चार तासांचं, मध्ये आठ ते पंधरा दिवस. बधिर करायचं क्रीम लावतात तरी कपाळाच्या कडेला आणि कानाच्या वर चांगलंच टोचतं. पहिल्या सिटिंगनंतर घरी आरशात बघाल तेव्हा घाबराल, कातडी लाल आणि ठिपके गडद, डोक्यावर मुंग्या चिकटल्यासारखे. दोन-तीन दिवसांत लाली जाते, मग बारीक खपल्या धरतात, त्या पडल्या की ठिपके एवढे फिके होतात की वाटतं पैसे पाण्यात गेले. तसं नसतं, रंग बसतोय. खरा रंग शेवटच्या सिटिंगनंतर महिनाभराने कळतो.

म्हणून तुमच्या तारखेचा हिशोब सांगते, गणपती उठले की सुरुवात करा आणि शेवटचं सिटिंग ते हळद यात पूर्ण महिना मोकळा ठेवा. कच्च्या कातडीवर हळद नको, फेट्याची घासाघीस नको. प्रत्येक सिटिंगनंतर चार-पाच दिवस घाम येऊ द्यायचा नाही, डोकं भिजवायचं नाही, खपली नखाने काढायची नाही, म्हणजे शॉपफ्लोअरवरून सुट्टी घ्यावी लागेल. आणि हेल्मेट टाळायचं म्हणजे त्या दिवसांत गाडीच टाळायची, रिक्षा नाहीतर बस, हेल्मेटशिवाय गाडी अजिबात नाही.

टिकतं साधारण तीन ते पाच-सहा वर्षं, मग रंग फिका पडतो आणि टचअप लागतं. उन्हात फिरणाऱ्याचं लवकर जातं, म्हणून जखम भरली की सनस्क्रीन किंवा टोपी. पैसे ठरवताना टचअप त्यात धरलंय का ते विचारून घ्या. आणि हे कोणी सांगत नाही, पण बाजूचे केस दर दोन-तीन दिवसांनी मशीनने अगदी बारीक करावे लागतात, कारण कडेचे केस वाढले की मधले ठिपके चपटे उघडे पडतात. डोकं तेलकट झालं की चमकतं, खरे खुंट असे चमकत नाहीत. म्हणून आधी महिनाभर झिरो कट मारून बघा, घरच्यांना बघू द्या, तुम्हालाच तो चेहरा आवडला नाही तर हे करूच नका.

कपाळावरची रेघ अठराव्या वर्षी होती तिथे मागू नका. माझ्याकडे एकजण दुसऱ्या शहरातून करून आला होता, भुवयांच्या जवळ उतरलेली, फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, ठिपके मोहरीएवढे आणि निळसर. चांगला ठिपका खसखशीच्या दाण्याहून लहान हवा आणि कडेला रेघ विरत गेलेली हवी. तो बिचारा खुर्चीत बसून टोपी काढायलाच तयार नव्हता, दहा मिनिटं तसाच बसला. शेवटी त्याला स्किनच्या डॉक्टरांकडे लेझरला पाठवलं, कितीतरी सिटिंग लागली. रंग नंतर वाढवता येतो, काढायला फार त्रास होतो, म्हणून पहिल्या सिटिंगला रेघ वर आणि रंग फिका, एवढंच मागा.

सुई तुमच्यासमोर पाकिटातून फोडलेली हवी, रंगाची वाटीसुद्धा नवी. सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो, त्यामुळे विचारायला लाजू नका. नियमित रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर वर्षभर थांबावं लागतं, तोच नियम इथेही धरा.

आणि मुलीला सांगा भाऊ, लग्नाआधी, तुम्ही स्वतः. डोक्यावरून हात फिरवला की गुळगुळीत लागतं, कळतंच. तिला नंतर कळण्यापेक्षा आधी तुमच्या तोंडून कळलेलं केव्हाही बरं.

प्रश्न: वय ४४, पंचवटी. चार महिन्यांपूर्वी टायफॉइड झाला, आता कंगव्यात गुच्छच्या गुच्छ येतात, भांग रुंद झालाय. बायकांना हे करता येतं का?

येतं, पण तुम्ही आत्ता करू नका. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळायला लागतात, कारण आजारात बरेचसे केस एकदमच विश्रांतीत जातात आणि मग एकदमच पडतात. मुळं मेलेली नसतात, बहुतेकींचे सहा-आठ महिन्यांत परत येतात. माझ्या पार्लरच्या दिवसांत मी किती बायकांना या गळतीवर महागडे स्पा केलेले बघितलेत, जे केस आपोआप येणारच होते त्याच्यासाठी! आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. दिवसाला ५० ते १०० केस तर कोणाचेही जातात.

वर्षभराने सुद्धा भांग तसाच रुंद राहिला आणि डॉक्टर म्हणाले की विरळपणा आनुवंशिक आहे, तर पहिलं औषध मिनॉक्सिडिल, ते गेली कित्येक वर्षं बायकांना देतात. ते लावायला लागल्यावर सुरुवातीला गळती थोडी वाढते, घाबरून बंद करू नका, आणि बंद केलं की फायदाही हळूहळू जातो हेही लक्षात ठेवा. त्याच्या जोडीला ठिपके देता येतात. बायकांच्यात डोकं बारीक करायचं नसतं, असलेल्या केसांच्या मधल्या पांढऱ्या कातडीवर रंग देतात, त्यामुळे उजेडात भांग चमकत नाही. पण केस असायला हवेत, रिकाम्या जागेवर लांब केसांचा भास होत नाही. तेल आणि डाय कातडी पूर्ण भरून आल्यावरच.

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, डोक्यात रुपयाएवढी चाई पडलीय, कॉलेजला जात नाही. ठिपके देऊन झाकता येईल का? (नाशिकरोड)

त्याची आई म्हणून तुम्हाला काय होत असेल ते कळतंय, पण थांबा. चाईचे केस बऱ्याचदा आपोआप किंवा औषधाने परत येतात, आणि कधी दुसरीकडे नवी चाई पडते. आज रंग दिला आणि उद्या तिथे केस आले, पांढरे आले, तर सगळंच विजोड. आधी स्किनच्या डॉक्टरांकडे न्या. सोरायसिस, कोड किंवा जखमेचा व्रण फुगायची सवय असलेल्यांनीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई लावू नये, कारण टोचलेल्या जागी तोच आजार उठू शकतो. तोपर्यंत त्याला टोपी घालून कॉलेजला पाठवा, आणि घरात कोणी चाईवरून चिडवू नका, धाकट्यालाही सांगून ठेवा.

प्रश्न: मी जुन्या नाशकातला. दोन आठवड्यांपूर्वी दुसरं सिटिंग झालं. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उडी मारली तर चालेल का? आणि वडील खूप आजारी आहेत, उद्या रामकुंडावर मुंडण करायची वेळ आली तर ठिपके जातील?

रहाड यंदा काठावर उभं राहून बघा, नक्की. तो साचलेला रंग आणि शेकडो माणसांचं पाणी कच्च्या कातडीत जायला नको. पुढच्या वर्षी खुशाल उड्या मारा.

मुंडणाने ठिपके जात नाहीत, रंग कातडीच्या आत असतो. पूर्ण भरून आलेलं असेल तर वस्तरा चालतो. खपल्या असतील तर न्हाव्याला आधीच सांगा, वस्तरा न लावता मशीनने करा म्हणावं, ते ऐकतात. तुमचे वडील लवकर बरे होवोत.